वाट कुठे अडली, ते तरी सांगा!

२०२५ सालची अनंत चतुर्दशी. ६ सप्टेंबर, शनिवार. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दुपारी उत्तरपूजेची तयारी झाली होती. पुतण्या सहकुटुंब लंडनला असतो. गेली काही वर्षे निरोपाच्या आरतीला तो मोबाइलच्या पडद्यावर का होईना, पण हजर असतो. आमच्या आईचे वय ८६. तिला आता बाप्पाइतकीच त्या पडद्याचीही ओढ असते. आरती निम्मीही झाली नव्हती, तोच आवाज तुटू लागला आणि चित्र थिजले. सूनबाईंचा ओवाळणारा हात तिथल्या तिथे थांबलेला. आई म्हणाली, "अरे, त्यांना काही झालं तर नाही ना?"

तक्रार केंद्राला फोन केला. ठरलेले उत्तर मिळाले, "सर, सर्व्हर डाउन आहे. दोन तासांत चालू होईल." कोणता सर्व्हर, कुठला, कशामुळे, यावर बोलायला तिथे कोणी नव्हते.

संध्याकाळी प्रसादाला शेजारच्या गल्लीतला एक मुलगा आला. तो एका कंपनीच्या नेटवर्क नियंत्रण कक्षात रात्रपाळी करतो. त्याने लॅपटॉप उघडला, दोन-चार आज्ञा दिल्या आणि म्हणाला, "काका, तुमचं नेट बंद नाहीये. मुंबईपर्यंत सगळं सुरळीत आहे. पुढे नेहमीची वाट सोडून लांबून फिरून येतंय आणि तिथे गर्दी झालीये." दुसऱ्या दिवशी बातमी आली की लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या असून भारत, पाकिस्तान आणि आखाती देशांतले इंटरनेट मंदावले आहे. आमची आरती त्याच केबलमुळे अडखळली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या मुलाने पाच मिनिटांत जे सांगितले, ते पैसे घेणाऱ्या कंपनीने सांगितले नाही, ही गोष्ट मनाला लागली. म्हणून हा लेख.

आपल्यापैकी काही ज्येष्ठ म्हणतील, की नेट म्हणजे पोरांचे खेळणे, त्यावर मंडळाच्या पत्रिकेत कशाला जागा घालवायची? त्यांना नम्रपणे विचारतो. पेन्शनरांचा हयातीचा दाखला हल्ली पुष्कळांचा कसा जातो? रेशनच्या दुकानात अंगठा कशावर उमटतो? खंडेराव मार्केटात भाजीवाली पैसे कशावर घेते? बँकेच्या खिडकीवर "नेट नाही, उद्या या" अशी पाटी लागली, की परत कोण येते? पाणी, वीज, रस्ता यांच्या पंगतीत इंटरनेट कधीच येऊन बसले आहे. मग पाण्याविषयी आपण जसे प्रश्न विचारतो, तसे याविषयी का विचारू नयेत? प्रश्न विचारायचे, तर ही व्यवस्था चालते कशी याची तोंडओळख हवी. ती समजायला अवघड नाही.

डभोईचे जंक्शन आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि आरंभी ती चक्क बैल ओढीत. पुढे डभोईला चहूकडून फाटे येऊन मिळाले. अशा जंक्शनच्या स्टेशनमास्तराला साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा पाठ असण्याची गरज नसते. अमुक गावचा डबा अमुक फाट्यावर लावायचा, एवढे त्याला ठाऊक असले की पुरे. पुढचे पुढचा मास्तर पाहतो. इंटरनेटवरचा राउटर म्हणजे असाच एक मास्तर. आपण पाठवलेल्या चित्राचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पोहोचण्याचा पत्ता असतो आणि दर ठिकाणचा राउटर तो पत्ता वाचून तुकड्याला पुढच्या वाटेला लावतो.

मात्र रेल्वेला एक बोर्ड असतो, इंटरनेटला कोणी एक धनी नाही. जगभरातल्या हजारो कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारे यांची आपापली जाळी आहेत. प्रत्येक जाळे शेजारच्याला सांगते, "या या पत्त्यांचा माल माझ्याकडे द्या, मी पोहोचवतो." शेजारी ते ऐकून आपल्या शेजाऱ्याला सांगतो. या सांगोवांगीच्या रीतीला 'बीजीपी' असे नाव आहे. सारे जग या शेजारधर्मावर चालते, हे प्रथम ऐकले तेव्हा माझा विश्वास बसला नाही.

शेजारधर्म नसला की काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात होते. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांचे ग्राहक एकमेकांना निरोप पाठवत, तेव्हा तो निरोप पुष्कळदा परदेशी जाऊन परत येई, कारण त्या दोन कंपन्या भारतात कुठे एकमेकींना भेटतच नव्हत्या. रावपुऱ्यातून मांडवीला पाठवलेले पत्र सातासमुद्रापार फिरून यावे, तसा प्रकार! तो थांबवण्यासाठी २००३ साली 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली. तिच्या केंद्रांत कंपन्या एकमेकींना देशातच जोडल्या जातात. असे एक केंद्र अहमदाबादेतही आहे. पण केंद्र असून भागत नाही. कंपन्यांनी तिथे जोडून घ्यायला हवे आणि जोडणी पुरेशी रुंद ठेवायला हवी.

आता बिघाड शोधणारे काय करतात ते पाहू. पहिला प्रश्न असतो, बिघाड एका घरचा, गल्लीचा, की साऱ्या गावाचा? मोडेमवर लाल दिवा असेल, तर बहुधा घरापर्यंतची फायबर तुटलेली असते. मग लाइनमन एक यंत्र लावतो. ते तारेतून प्रकाशाची तिरीप सोडते आणि तार किती मीटरवर तुटली ते सांगते. दिवा हिरवा असूनही काम होत नसेल, तर बिघाड पुढे कुठेतरी आहे. तेव्हा 'ट्रेसराउट' चालवतात. वाटेतल्या राउटरांची नावे आणि तिथपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ ओळीने दिसतो. त्या मुलाने मला दाखवले ते हेच.

यातही फसगत होते. एखाद्या ओळीत नुसते तारे दिसले, म्हणजे तिथे वाट तुटली असे नव्हे. काही राउटर विचारपूस करणाऱ्याला उत्तर देत नाहीत, माल मात्र मुकाट्याने पुढे नेतात. शिवाय जाण्याची वाट आणि येण्याची वाट एकच असेल असेही नाही. आपण रावपुऱ्यावरून जावे आणि मदनझांपा रोडवरून परतावे, तसे. बिघाड परतीच्या वाटेवर असला, तर आपल्या बाजूने कितीही पाहिले तरी तो दिसत नाही. पलीकडच्याला विचारावेच लागते. म्हणून अनेक कंपन्या आपल्या राउटरला बाहेरच्यांसाठी एक खिडकी ठेवतात, तिला 'लुकिंग ग्लास' म्हणतात. एरवी धंद्यात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते रात्री दोन वाजता एकमेकांना उठवून विचारतात, "जरा तुझ्याकडून बघ, माझे पत्ते दिसतात का?" दक्षिण आशियातल्या अशा मंडळींचा 'सॅनॉग' नावाचा मंच २००३ पासून आहे. तिथे झालेल्या ओळखी अडचणीच्या रात्री कामी येतात.

हा भरवसा मोडला की काय होते, त्याचा मासला २००८ साली दिसला. २४ फेब्रुवारीला पाकिस्तानातल्या सरकारी हुकमावरून तिथल्या दूरसंचार कंपनीने यूट्यूब बंद करायचे ठरवले. देशातला माल आडरानात वळवण्यासाठी तिने यूट्यूबच्या पत्त्यांची खोटी वाट तयार केली. ती घोषणा चुकून देशाबाहेर गेली, वरच्या कंपनीने ती न तपासता जगाला सांगितली आणि जगभर यूट्यूब सुमारे दोन तास ठप्प झाले. असे का व्हावे? राउटर नेहमी अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्याचे ऐकतो. एकाने "मांडवीचा माल माझ्याकडे" म्हटले आणि दुसऱ्याने "मांडवीतल्या चांपानेर दरवाजाचा माल माझ्याकडे" म्हटले, तर चांपानेर दरवाजाचा माल दुसऱ्याकडे जातो, मग तो खरे बोलत असो वा खोटे. यूट्यूबच्या अभियंत्यांनी त्याहून नेमके पत्ते जाहीर करून माल परत ओढला आणि पुढे ती खोटी घोषणा मागे घेतली गेली.

यावरचा उपाय आपल्या जुन्या घराण्यांना लगेच कळेल. इनाम कोणाचे, हे तोंडी सांगून चालत नसे, सनद दाखवावी लागे. इंटरनेटच्या पत्त्यांसाठी आता तशीच सहीशिक्क्याची सनद निघते. तिच्या व्यवस्थेला 'आरपीकेआय' म्हणतात. भारतात पत्ते वाटणाऱ्या 'आयआरआयएनएन'कडे तिची नोंद करता येते. मात्र सनद काढणे हे निम्मे काम झाले. समोरच्याची सनद तपासल्याशिवाय घोषणा मानायची नाही, हे उरलेले निम्मे.

त्याच २००८ च्या ३० जानेवारीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारताची बाहेरची क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली. मग माल पूर्वेकडून, पॅसिफिकच्या बाजूने वळवण्यात आला. दोनच दिवसांनी दुबईजवळ आणखी एक केबल तुटली. तिथे दुरुस्तीच्या जहाजाला समुद्रतळाशी पाच-सहा टनांचा एक सोडून दिलेला नांगर सापडला. ज्यांच्याकडे पूर्वेची वाट आधीच होती, ते त्या दिवसांत मंदावले पण थांबले नाहीत. पश्चिमेवरच विसंबलेले बसून राहिले. त्यानंतर सतरा वर्षांनी लाल समुद्रात पुन्हा तोच धडा मिळाला.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तर सर्वांना आठवत असेल. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप आणि फेसबुक बंद पडले, ते सुमारे सहा तास. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने त्या कंपनीच्या जाळ्यांमधला आपसातला दुवा तुटला आणि तिच्या पत्त्यांच्या घोषणा जगातून पुसल्या गेल्या. अभियंत्यांना आत शिरता येईना, कारण बिघाड दुरुस्त करायची साधने त्याच बंद पडलेल्या जाळ्यावर होती. घराची किल्ली घरातच राहावी आणि दार ओढले जावे, तसे झाले. एवढी श्रीमंत कंपनी या चुकीत सापडते, तिथे आपल्या गावातल्या दवाखान्यांनी, बँकांनी आणि कचेऱ्यांनी आपली किल्ली कुठे ठेवली आहे, हे विचारायला नको का?

आता घरचेच सांगतो. काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी रस्ता खोदला. काम कोणाचे होते, ते शेवटपर्यंत कळले नाही. पाटी नव्हती, विचारले तर मजूर म्हणाले, "साहेब जेवायला गेलेत." दोन दिवस नेट बंद. मी शहाणपणा करून एकाऐवजी दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊन ठेवल्या होत्या. दोन्ही बंद! दोघींच्या तारा एकाच चरातून आल्या होत्या आणि एकाच फावड्याने तुटल्या. दोन बिले भरणे म्हणजे दोन वाटा असणे नव्हे, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले. रात्री अकरा वाजता एक पोरगा भर पावसात छत्रीखाली बसून केसाएवढ्या तारा एकेक करून जोडत होता आणि गल्लीतले लोक त्याच्यावरच तोंडसुख घेत होते. मीही त्यात होतो, हे लाजून कबूल करतो.

दोन वाटा म्हणजे काय, हे खरे तर बडोद्याला कोणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधून या शहराला नळाचे पाणी दिले. पुढे वस्ती वाढली, तेव्हा महानगरपालिकेने मही नदीकाठच्या विहिरींचे पाणी आणले. आज आजव्याच्या वाहिनीवर काम निघाले, तरी सारे शहर एकदम कोरडे पडत नाही. निराळा उगम आणि निराळी वाट, ही खरी सोय. पाण्यात जे आपल्याला कळले, ते तारांत का कळू नये?

२०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर आठवा. नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती कितीतरी वर चढली. वीज गेली. मोबाइलचा टॉवर उभा असतो, पण त्याची बॅटरी काही तासांची. मग जनित्र, आणि जनित्राला डिझेल पोहोचवायला रस्ता हवा. पुराच्या वेळी माणसाला सर्वांत जास्त गरज असते ती "आम्ही वरच्या मजल्यावर सुखरूप आहोत" एवढे कळवण्याची. नेमके तेव्हाच फोन मुके होतात.

आणखी एक नाजूक बाब आहे. कधी कधी नेट बिघडलेले नसते, बंद केलेले असते. सप्टेंबर २०१४ मध्ये आपल्या शहरातल्या दंगलीच्या वेळी मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले, ऑगस्ट २०१५ मध्ये आंदोलनाच्या काळात गुजरातभर. अफवा रोखण्यासाठी सरकारला असे अधिकार असावेत की नसावेत, यावर आपल्यात दोन मते असू शकतात. पण १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट सांगितले, की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. हुकूम असेल तर हुकूम आहे असे सांगा, बिघाड असेल तर बिघाड सांगा. दोन्हींना "सर्व्हर डाउन" म्हणणे ही लोकांची फसवणूक आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बिघाड होणारच. समुद्रात नांगर पडणार, रस्त्यात फावडे पडणार, माणसाची आज्ञा चुकणार. त्याबद्दल कोणाला फाशी द्या असे कोणी म्हणत नाही. पण वाट कुठे अडली ते खरे सांगणे, आणि अडली तर दुसरी वाट तयार ठेवणे, या दोन गोष्टी मागण्याचा आपला हक्क आहे. मते मागायला जे आपल्या दारी येतात, त्यांच्यापुढे मंडळाने पुढील मागण्या ठेवाव्यात असे मी सुचवतो.

एक. रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने आधी जमिनीखालच्या तारांच्या मालकांना कळवावे. त्यासाठी केंद्र सरकारचे 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. ते वापरल्याशिवाय खोदण्याची परवानगी मिळू नये आणि खड्ड्यापाशी काम कोणाचे, फोन कोणाला करायचा, याची पाटी असावी.

दोन. सरकारी दवाखाने, वॉर्ड कचेऱ्या आणि अग्निशमन दल यांना दोन जोडण्या असाव्यात, त्या निरनिराळ्या रस्त्यांनी आलेल्या असाव्यात आणि निविदेतच तसे लेखी मागावे.

तीन. पूररेषेतल्या टॉवरांची वीजयंत्रे उंचावर आहेत का आणि डिझेल भरले आहे का, याची तपासणी दर वर्षी मृगापूर्वी व्हावी व तिचा अहवाल जाहीर व्हावा.

चार. कंपन्यांनी बिघाडाचे ठिकाण, कारण आणि दुरुस्तीचा अंदाज ग्राहकाला संदेशाने कळवावा. 'ट्राय'च्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सबंध जिल्ह्याची सेवा चार तासांहून अधिक बंद राहिली, तर कंपनीने ट्रायला कळवायचे असते, आणि मोबाइल सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची असते. जिल्हा बंद पडल्याची नोंद होते, मग गल्ली बंद पडल्याची का होऊ नये?

आणि थोडे आपल्यासाठीही. प्रत्येक सोसायटीच्या चिटणीसांनी आपल्या इमारतीत कोणत्या कंपनीची तार कोणत्या बाजूने येते, ते एका वहीत लिहून ठेवावे. तक्रार करताना नुसते "नेट चालत नाही" न म्हणता, दिवा लाल की हिरवा, शेजाऱ्याचे चालू आहे का, काहीच उघडत नाही की एकच गोष्ट उघडत नाही, किती वाजल्यापासून, एवढे सांगावे. तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. दहा घरांच्या दहा निरनिराळ्या ओरड्यापेक्षा दहा सह्यांचा एक अर्ज अधिक काम करतो, हे या शहरातल्या मराठी माणसाने पूर्वी पुष्कळदा पाहिले आहे.

आईला मी लाल समुद्र, केबल, सारे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे त्या फोनवरच्या मुलीने तेव्हाच सांगितलं असतं, तर मी घाबरले नसते." मागणी एवढीच आहे. ज्यांना ती पटते, त्यांनी मंडळाच्या पुढच्या सभेला आपापल्या गल्लीतल्या बिघाडांची तारीखवार यादी घेऊन यावे. अर्जाचा मसुदा मी करून आणतो.